जोडून दिलेली वीस माणसं

पलटणीचं एकशे दहा वर्षांचं आयुष्य त्याला तोंडपाठ होतं. ती कोणत्या दोन जुन्या पलटणी एकत्र करून उभी राहिली, तिचा नंबर कधी बदलला, निशाणावर कोणत्या लढाईचं नाव कधी चढलं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. पायदळाच्या याच पलटणीच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्याची तीस वर्षं गेली. जवान त्याला रजिस्टरकाका म्हणत. "काकांना स्वतःच्या लग्नाची तारीख विचारू नका, पलटणीच्या पणजोबांची जन्मतारीख विचारा," अशी थट्टा चालायची.

म्हणून निवृत्तीनंतर कर्नलसाहेबांनी त्यालाच बोलावलं. पलटणीचा इतिहास छापायचा होता.

"शेवटी कामी आलेल्यांची यादी हवी, काका. एकही नाव सुटता कामा नये."

घरी बायको भाजी निवडत होती. ऐकताऐकता तिचे हात थांबले. "म्हणजे आपलाही असेल त्यात."

त्यांचा एकुलता एक मुलगा याच पलटणीत शिपाई होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"बघतो," तो म्हणाला. पण बघायची गरज नव्हती. त्याला माहीत होतं.

त्या वर्षी शेजारच्या पलटणीत माणसं कमी पडली, तेव्हा इथली वीस माणसं तीन आठवड्यांसाठी तिकडे जोडून दिली होती. नवव्या दिवशी नदी ओलांडताना मुलगा पडला. नियम असा, की त्या दिवशी माणूस ज्या पलटणीच्या हजेरीवर, त्याच पलटणीच्या यादीत त्याचं नाव. आणि ती पलटण पुढे दोन वर्षांत मोडली. तिचे कागद खोक्यांत गेले. तिचा इतिहास लिहायला कोणी उरलंच नाही.

मुलाचं नाव आपल्या यादीत घेऊ द्यावं, अशी कर्नलसाहेबांनी वरच्या कचेरीला विनंती केली. दोन ओळींचं उत्तर आलं: नियम बदलता येणार नाही.

पुस्तक छापून आलं. बायकोने चष्मा लावला आणि यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग पुन्हा वरून.

"कितव्या पानावर आहे हो?"

त्याने जोडून दिलेल्या माणसांचं सगळं सांगितलं. तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पण त्याला तिकडे पाठवलं कोणी?"

हा प्रश्न त्याला अकरा वर्षं कोणीच विचारला नव्हता.

"मी," तो म्हणाला. "कंपनीकडून बावीस नावं आली होती. वीसच हवी होती. दोन खोडायचं काम माझ्याकडे होतं. त्याची रजा जवळ आली होती, त्याचं नाव सहज खोडता आलं असतं. पण लोक म्हणाले असते, हेडक्लार्कने पोराला वाचवलं. मी दुसरी दोन खोडली. ते दोघं आज आपापल्या घरी आहेत."

तिने चष्मा काढला. "अकरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे गेली. ती आज येईल, उद्या येईल, अशी त्याने महिनाभर वाट पाहिली. मग कर्नलसाहेबांकडून परवानगी काढून त्याने मोडलेल्या पलटणीची खोकी उघडली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं. कागदांना वाळवी लागलेली, शाई उडालेली. तरी त्याने त्या पलटणीची वंशावळ पहिल्या भरतीपासून लावत आणली. मग नदीचा दिवस आला. त्याने पेन खाली ठेवलं, तोंड धुऊन आला आणि चौदा नावं लिहिली. सातवं मुलाचं होतं.

तो कागद घेऊन तो मेहुणीच्या दारात गेला. बायकोने उभ्याउभ्याच वाचला.

"याच्या खाली हा कोण?"

"त्या पलटणीचा स्वयंपाकी. पोहता येत नव्हतं त्याला. आपला त्याच्यासाठी मागे वळला, असं अहवालात लिहिलंय."

तिचा चेहरा पिळवटला. कागद छातीशी धरून ती बराच वेळ रडली. त्याने हात पुढे केला, तशी ती एक पाऊल मागे सरकली.

"कागद राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "तुम्ही जा आता."

तिने हळूच दार लावून घेतलं. तो घरी परतला. ती त्यानंतर आली नाही.