पुराचा दगड खाली आला

पट्टीबाईंना राग यायला फारसं निमित्त लागत नसे. छत्तीस वर्षं त्यांनी धक्क्यावरच्या मोजपट्टीवर नदीची पातळी वाचली, म्हणून त्या पट्टीबाई. नोकरी संपली, नाव चिकटलं ते चिकटलंच. पण त्या सकाळचा राग नेहमीचा नव्हता.

लेकीने पाळणाघरासाठी जुन्या गोदामात खोली घेतली होती. दहा पायऱ्या चढून जायचं, आत भरपूर उजेड. मुलांच्या पिशव्यांसाठी तिने कंबरेखाली बारा खुंट्या स्वतः ठोकल्या होत्या. सोमवारपासून मुलं येणार होती, आणि आज ती आईला खोली दाखवत होती.

"आणि पूर?" पट्टीबाईंनी विचारलं.

"आला वाटतं तुझा पूर! माझं लग्न ठरलं तेव्हाही तू मुलाआधी त्याच्या घराची उंची विचारलीस. पालिकेचा दाखला आहे, आई. खोलीची जमीन पुराच्या दगडाच्या वीतभर वर आहे."

पट्टीबाई ताडकन उठल्या. हा भाग म्हणजे नदीच्या वळणाचं पोट. आधी इथे होड्या लागत, मग गोदामं झाली, मग गोदामांच्या आडोशाने माणसं राहिली. मालदार मंडळी टेकडीवर गेली ती हवा खायला नव्हे, मोठ्या पुरानंतर गेली. त्या पुरात सात वर्षांच्या पट्टीबाईंना वडिलांनी छपरावर चढवलं, धाकट्या भावाला आणायला ते परत खाली उतरले, आणि दोघेही पुन्हा दिसले नाहीत. पाणी जिथवर चढलं तिथे, याच गोदामाच्या बाहेरच्या भिंतीत, लोकांनी दगड बसवला. नोकरीत होत्या तोवर दरवर्षी शिडी लावून तो पुसायचं काम पट्टीबाईंचंच होतं.

बाहेर येऊन त्यांनी वर पाहिलं. वर कोरा गिलावा. दगड खाली होता, बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर, पितळी चौकटीत. दोघंजण त्याला टेकून फोटो काढत होते.

पदपथाचं काम बघत पालिकेचे अभियंते उभे होते. पट्टीबाईंनी त्यांना गाठलं.

"हा खाली कुणी आणला?"

"वारसा विभागाने. वर असताना कुणाला वाचता येत नव्हता, बाई. माना दुखायच्या लोकांच्या."

"आणि दाखल्यासाठी तुम्ही उंची कुठून घेतलीत?"

"दगडावरून," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शाबास! इतिहासवाल्यांनी दगड उतरवला आणि भूगोलवाल्यांनी त्यावरून पूर मोजला. माना दुखतात म्हणे! आमची माणसं बुडाली तेव्हा कुणाच्या माना दुखल्या होत्या?"

"आई, हळू बोल. कदाचित तुझ्याच लक्षात चुकीचं राहिलं असेल," मागोमाग बाहेर आलेली लेक म्हणाली.

हे मात्र वर्मी लागलं. पट्टीबाईंनी भिंतीशी ठेवलेली रंगाऱ्याची शिडी ओढली, लेकीच्या हातातली खोलीची किल्ली हिसकावली आणि वर चढल्या. किल्लीने त्यांनी नवा गिलावा खरवडला. एक भोक दिसलं, आत गंजलेलं लोखंड. मग दुसरं. दगडाच्या चारही पकडींची भोकं उघडी पडली. लेकीने भोकांकडे पाहिलं, मग आपल्या दाराकडे. दाराची चौकट भोकांच्या कितीतरी खाली होती.

"दाखला रद्द करू," साहेब घाईने म्हणाले. "आणि दगडाखाली छोटी पाटी लावू, मूळ जागा वर होती अशी."

"पाणी पाट्या वाचत येतं का हो?"

लेक पायऱ्या चढून खोलीत गेली. पट्टीबाई शिडीवरून उतरून धापा टाकत मागे गेल्या तेव्हा ती हातोडीने खुंट्या उपटत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण दात आवळलेले होते. अकरा खुंट्या जमिनीवर पडल्या. बाराव्या खुंटीपाशी ती थांबली.

"आई, मामा केवढा होता गं?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. पट्टीबाईंनी हात खाली नेला आणि त्या खुंटीवर टेकवला.

"एवढा."

लेकीने आईचा हात बाजूला केला, खुंटी उपटली आणि हातोडी तशीच घेऊन दगड उखडायला बाहेर पडली.