बाईंची मुदत

मोठ्या बाईंना एका जागी बसवेना. सारी हयात याच दवाखान्यात डॉक्टरकी केलेली, पण बाहेरच्या बाकावर पेशंट म्हणून बसायची वेळ आली तर बूड टेकेना. उठत, खिडकीशी जात, पुन्हा येऊन बसत. येणारी-जाणारी प्रत्येक नर्स थांबून विचारी, बाई, पाणी आणू का? पाणी पिऊन काय डोंबल होणार होतं!

रिपोर्ट त्यांनी स्वतःच वाचला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. दुसऱ्या कुणाचा असता तर एका नजरेत अंदाज बांधला असता. स्वतःचा म्हटल्यावर अक्कलच चालेना. कधी वाटे वर्ष सहज निघेल, कधी वाटे महिनाही नाही. आणि अडलं होतं ते तिथंच. एकुलती एक लेक दूर देशी शिकत होती, दोन महिन्यांनी तिची शेवटची परीक्षा. आत्ता बोलवावं तर पोरीचं वर्ष वाया, आणि थांबावं तर... पुढचं त्या मनातसुद्धा पुरं करत नव्हत्या.

आत चष्म्या होता. हे नाव त्यांनीच ठेवलेलं, तो हाताखाली शिकत असताना. आता कॅन्सरचा बडा डॉक्टर झालेला, तरी बाईंना बघून ताडकन उठला. त्याला बस म्हणून बाईंनी सरळ विचारलं, दोन महिने निघतील का? त्यानं घसा खाकरला. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, औषध सुरू करू, आशा सोडायची नाही, असं काहीतरी गुळमुळीत बोलू लागला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द न् शब्द त्यांचाच होता! पेशंटला मुदत कधी सांगायची नाही, हे त्यांनीच याच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. हेच ऐकून किती जण गपगुमान घरी गेले असतील, कुणाकुणाची पोरं वेळेवर पोचली नसतील! त्यांना भडभडून आलं.

"मला शिकवू नकोस," त्या म्हणाल्या. "पोरीला कधी बोलावू, तेवढं सांग."

चष्म्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजच बोलवा, बाई," तो म्हणाला, आणि हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडू लागला.

बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर अजून पेशंट ताटकळलेत, तोंड धुऊन घे, असं दटावलं आणि जिन्यात येऊन उभ्या उभ्याच फोन लावला.

लेक अभ्यासाच्या गडबडीत होती. आजाराचं नाव ऐकलं तशी चाचरत बोलली.

"आई, परीक्षा झाल्या झाल्या निघाले तर चालेल ना गं?"

चालेल की, असं अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी कठडा घट्ट धरला.

"नाही, बाळा. तोवर मी नसेन."