आर्थरकाकांनी दिलेलं उत्तर

मुलगा आणि सून आपापल्या गाड्या काढून कामाला गेले की अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या या घरात मी एकटी. बोलायचं कोणाशी, भिंतींशी? म्हणून शेजारच्या आर्थरकाकांकडे चहा घेऊन जायला लागले. शंभरी ओलांडलेला इंग्रज माणूस. बायको त्यांच्या त्याच घरात वारली, तेव्हापासून तेही एकटेच.

महायुद्धात विमानदळात असताना ते इंग्लंडकडून रग्बी खेळले. पण युद्धातले सामने अधिकृत धरलेच नाहीत, त्यामुळे खेळाडूंच्या यादीत नाव नाही. धक्काबुक्कीत कायमचा सुजलेला डावा कान तेवढा मिळाला. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, नोकरीसाठी अमेरिकेत आले. इथे रग्बीचं कोणाला कौतुक! मला तरी त्यातलं काय कळतंय? पण सांगता सांगता सोफ्याची उशी काखेत मारून ते चार पावलं पळायचे आणि मी ओरडायचे, "अहो, पडाल!"

गेल्या महिन्यात त्यांची लेक मार्गरेट नर्सला घेऊन आली. डोकं ठिकाणावर असेल तर घरी राहायचं, नाहीतर वृद्धाश्रम. मी चहाचं निमित्त करून तिथेच ठाण मांडलं.

तारीख, वार, सगळं काकांनी बरोबर सांगितलं. मग नर्सने विचारलं, "तरुणपणी काय करायचात?"

"इंग्लंडकडून रग्बी खेळायचो."

मार्गरेटने मान हलवली. "हे असंच चालतं. मी इंटरनेटवर बघितलं. यादीत डॅडचं नावच नाही."

माझं डोकंच सणकलं. "अगं बाई, युद्धातले सामने त्यात धरत नाहीत! त्यांचा कान बघ की!" माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी म्हटलं. दोघी माझ्याकडे बघून हसल्या, बोबड्या पोराकडे बघून हसतात तशा.

नर्सने पुन्हा विचारलं, "आर्थर, खरंच खेळलात इंग्लंडकडून?"

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायकोच्या खुर्चीकडे पाहिलं.

"सांगा ना हो!" मी मराठीतच ओरडले.

"नाही," ते म्हणाले. "शाळेत थोडंफार खेळलो. बाकी म्हाताऱ्याच्या थापा."

घर वाचलं. मार्गरेटने खुशीत त्यांचा गाल थोपटला.

दुसऱ्या दिवशी चहा ओतत मी विचारलं, "आज कुठला सामना?"

"खेळलोच नाही, तर काय सांगू सुचित्रा?"

मला रडूच फुटलं. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.