हळू दाबलेला क्लच

गाडी भिंतीला लागली तेव्हा क्लच पूर्ण दाबलेला होता, असं बाबांचं म्हणणं होतं. नुकसान फारसं नव्हतं. इमारतीखाली गाडी लावून, गिअर तसाच ठेवून त्यांनी हँडब्रेक ओढायला ब्रेकवरचा पाय सैल केला, गाडी पुढे सरकली आणि बंपर चेपला. पण त्याच्या क्षणभर आधी शेजारच्यांची नात त्याच जागी चेंडू उचलायला वाकली होती, आणि हे आईने गॅलरीतून पाहिलं होतं.

"क्लच दाबलेला असताना गाडी पुढे जाईल कशी?" दादाने विचारलं.

"मीही तेच विचारतोय," बाबा म्हणाले.

दादा खाली गेला, गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, काढला, रिव्हर्स टाकला. सगळं लोण्यासारखं. वर येऊन म्हणाला, "गाडीत काही नाही. बाबा, तुम्हाला वाटतं दाबलाय. पाय अर्ध्यातच थांबत असणार."

"अरे, माझा पाय आहे तो. मला नाही कळणार?"

बाबांनी जन्मभर हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवली होती. तिथे त्यांना सगळे पायलट म्हणत, आणि निवृत्तीनंतर इमारतीतही तेच नाव चिकटलं. त्यांचा नियम एकच: मागे झोपलेल्या माणसाला गिअर बदललेला कळता कामा नये. "हाड मोडलेल्या पेशंटला एक धक्का बसू दे, तो तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो," असं ते सांगत. क्लच हळू दाबायचा, हळू सोडायचा. दोन्ही मुलांना त्यांनी असंच शिकवलं. दादा ऑफिसच्या गर्दीत ते केव्हाच विसरला होता. त्याच्या शेजारी बसले की बाबा हमखास म्हणत, "झुरळ मारतोयस का?"

बाबांच्या समाधानासाठी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, क्लचच्या तेलाच्या डबीत डोकावून पाहिलं. तेल काठोकाठ. खाली वाकून गिअरबॉक्सपाशी बोट फिरवलं. कोरडं. मग आत बसून दोनदा धपाधप क्लच मारला आणि म्हणाला, "काका, गाडी टकाटक आहे. तुम्ही आता मागे बसून फिरा की! मुलं कशाला आहेत?"

उरलेलं काम डॉक्टरांनी केलं. बाबांना साखरेचा त्रास होताच. डॉक्टरांनी पावलाच्या हाडावर कंप पावणारा, चिमट्यासारखा धातूचा काटा टेकवला आणि विचारलं, "थरथर कळतेय का?" उजव्या पायाला ती बराच वेळ कळली, डाव्याला जरा कमी. "वयाच्या मानाने ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, पण घरी येईपर्यंत त्यातलं 'ठीक आहे' गळून गेलं आणि 'डाव्याला कमी' तेवढं राहिलं. क्लच डाव्याच पायाने दाबतात.

"अहो, त्या पोरीला काही झालं असतं तर?" आई म्हणाली. एवढंच. बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली, ती दादाने आपल्या जुडग्यात घातली.

धाकटी सुट्टीला घरी आली तेव्हा या गोष्टीला काही महिने झाले होते. ती दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत काम करत होती, आणि फोनवर तिला फक्त 'बाबांनी गाडी सोडली' एवढंच कळलं होतं. तिने पाहिलं ते वेगळंच होतं. बाबा जिना उतरताना पायांकडे बघत उतरत. स्वयंपाकघरातून बाहेर आले की परत आत जात आणि आईला विचारत, "नळ बंद केला ना मी?" नळ बंदच असे. पायलट म्हणून हाक आली तर ऐकू न आल्यासारखं करत.

"काय झालं हो बाबा?" तिने विचारलं.

"काही नाही. डावा पाय गेला माझा," ते म्हणाले. छत्री विसरली, अशा आवाजात. बाकीचं आईने सांगितलं, दादा काय म्हणाला तेही.

गाडी दादाच्या मित्राला द्यायचं ठरलं होतं. त्याआधी चेपलेला बंपर सरळ करून घ्यायचा होता, म्हणून धाकटी ती मिस्त्रीकडे घेऊन निघाली. बाबा शेजारी बसले. तिला गाडीची सवय नव्हती, आणि सवय नसलेली माणसं शिकवलं तसं चालवतात. सिग्नलला तिने क्लच हळू, अगदी शेवटपर्यंत दाबला, पहिला गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय सैल केला. गाडी पुढे सरकली.

तिने ब्रेक मारला. खाली पाहिलं. पेडल पायाखाली जमिनीला टेकलेलं होतं.

"बाबा, क्लच दाबलाय आणि गाडी जातेय."

बाबांनी तिच्या पायाकडे नजरही टाकली नाही. समजुतीने म्हणाले, "पूर्ण दाबला नसशील, बेटा. तुला वाटतं दाबलाय. सीट जरा पुढे घे."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. धाकटीला काही वेळ पुढे जाणं सुचलं नाही. हे वाक्य बाबांचं नव्हतं, दादाचं होतं. त्यांनी ते इतकं मुरवून घेतलं होतं की आता ते दुसऱ्याला देऊ शकत होते.

एका रिकाम्या मैदानाच्या कडेला तिने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, क्लच झटक्यात दाबून धरला आणि पहिला गिअर टाकला. गाडी शांत. मग गिअर काढून, पेडल सोडून तेच हळू केलं. इंजिनाचा आवाज बसला, गाडी हँडब्रेकशी झोंबू लागली. पुन्हा झटक्यात: शांत. पुन्हा हळू: झोंबाझोंबी. तिने आलटून पालटून इतक्या वेळा केलं की बाबा म्हणाले, "बिचारीला किती छळशील?" प्रयोगशाळेतली सवय होती ती: एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. इथे बदलत होता तो फक्त वेग.

मिस्त्रीला तिने तोंडी काही न सांगता शेजारी बसवलं आणि करून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला.

"वरचं सिलिंडर," तो म्हणाला. "आतलं रबर झिजलंय."

त्याने ते खोलून दाखवलं. पेडल दाबलं की दट्ट्या तेल पुढे ढकलतो आणि ते तेल क्लच सोडवतं. दट्ट्यावरच्या रबराची कड झिजली होती. जोरात दाबलं तर दाबानेच ती कड फुलून भिंतीला चिकटायची आणि काम चोख व्हायचं. हळू दाबलं तर तेल तिच्या बाजूने गुपचूप मागे यायचं. ते डबीतच परत जायचं, म्हणून बाहेर थेंब नाही आणि डबीही कमी होत नाही.

"म्हणजे जो जपून दाबेल, त्यालाच दगा," धाकटी म्हणाली.

मिस्त्री हात पुसत राहिला. "मी काकांना एकदा म्हणायला हवं होतं, काका, तुम्ही बसा, तुम्ही दाबा, मी बघतो. आम्ही सगळ्यांनी आपापलाच पाय लावून बघितला."

बाबांनी ते रबर तळहातावर घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. "एवढंसं," म्हणाले, आणि परत दिलं.

दादाला संध्याकाळी सगळं सांगितलं. तो वाद घालेल असं धाकटीला वाटलं होतं, पण त्याने जुडग्यातली किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, नख मोडलं. किल्ली बाबांसमोर ठेवून म्हणाला, "बाबा, गाडी कुणाला द्यायची नाही. चुकलंच आमचं."

"चुकलं काय त्यात? त्या पोरीचा प्रश्न होता," बाबा म्हणाले. आईने त्यांच्या शर्टाचा खांदा झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धाकटीला घेऊन खाली उतरले, पायांकडे बघत. ड्रायव्हरच्या जागी बसले. आरसा नीट केला. मग पाय उचलला आणि क्लच धाडकन दाबला. गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने उडी मारली, धाकटीचं डोकं पुढे गेलं. फाटकाबाहेर दुसऱ्या गिअरलाही तसंच, तिसऱ्यालाही. इतकी वर्षं या माणसाच्या शेजारी बसून तिला गिअर कधी बदलले ते कळलं नव्हतं. आज प्रत्येक कळत होता.

"बाबा, आता नवीन रबर आहे. हळू दाबलात तरी चालेल. तुमच्यासारखं."

बाबा समोर बघत होते. वळण आलं, त्यांनी पुन्हा झुरळ मारलं.

"असू दे," ते म्हणाले. "मागे कोण झोपलंय आता?"