कापसाचा बोळा

आवडाबाईने नातीच्या टाचेला टिचकी मारली आणि दुधात भिजवलेला कापसाचा बोळा पुन्हा तिच्या ओठांना लावला. कालिंदी खाटेवरून नुसती बघत होती. तीन दिवस झाले, तिला ना रडू येत होतं ना काही वाटत होतं. नऊ महिने पुरते भरले, तरी पोर भरली जेमतेम एक किलो नऊशे.

महाडच्या त्या दवाखान्यात सासूने, आवडाबाईने, पहिल्याच दिवशी तोंड सोडलं होतं.

"माहेरी पोटाला मिळालं नाय गो हिला. म्हणून ही चिमणी झाली."

मुंबईला लेकाला, सयाजीला, एसटीडीवरून कळवतानाही तिने हेच सांगितलं. कालिंदीची आई मंजुळा तेव्हापासून बाहेरच्या बाकावर बसून होती. माहेरी वरंधला तीन महिने लेकीला तूपभात चारला होता तिने, घरचं दूध पुरेना तर शेजारून आणलं होतं. पण बोलणार कोणासमोर? नातीला हात लावायचीही बंदी. थोड्या थोड्या वेळाने उठायची, नळावर हात धुवायची आणि परत येऊन बसायची बिचारी.

सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आजी, खाण्यापिण्याचंच कारण असतं असं नाही. लहान चण घराण्यातूनही येते. बाळाचे वडील जन्मले तेव्हा केवढे होते?"

"सयाजी? चांगला गुटगुटीत! दोन हातांत मावत नव्हता."

आता आवडाबाईने दुधाचा थेंब मनगटावर टाकून पाहिला, कापसात गुंडाळलेली पोर छातीशी धरली, मान बोटांवर तोलली. पोर पेंगली की टिचकी, मग पुन्हा बोळा.

नर्स हसली. "आजी, तुम्ही तर मलाच शिकवाल. कुठे शिकलात हो हे?"

आवडाबाईने बोळा पुन्हा दुधात बुडवला.

कालिंदी त्या हातांकडे बघत राहिली. गुटगुटीत पोर वाढवणाऱ्या बाईला हे कुठून येणार? नर्स गेल्यावर तिने हळूच विचारलं,

"आत्याबाई, तुमचा लेक किती दिवस होता कापसात?"

बोळा मध्येच थांबला.

"दीड महिना," आवडाबाई म्हणाली. "माझ्या सासूनंबी माझ्या आयेलाच बोल लावला, तिला उंबरा चढू दिला नाय मग. आय मरंपर्यंत."

बाळाच्या तोंडातून दूध ओघळलं. ते तिने पदराने टिपलं.

"बोलाव तुझ्या आयेला. हात धुवून ये म्हणावं."

कालिंदीने हाक मारली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा फुटला. मंजुळा दारात येऊन उभी राहिली. हात तिचे ओलेच होते.