रितं मापटं

आमच्या तांड्यावरच्या शाळेत शून्याचं आणि माझं वाकडं होतं. पट्टी शून्यापासून लावा म्हणून तिसरीच्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगितलं, तरी पोरं एकपासूनच लावायची. डोकं फिरायचं माझं.

त्यात तिसरीतल्याच शिवकन्येच्या बुटांचा प्रश्न आला. उद्या तालुक्याला शर्यत, आणि पोरगी आजवर अनवाणीच धावलेली. तिचा बाप प्रेमदास हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यात गेला होता. दुपारच्या सुट्टीत माझ्या मोबाइलवर फोन करून तो पायाचं माप विचारणार आणि येताना बूट आणणार. माप मात्र मीच काढणार, असा पोरीचा हट्ट.

तिनं फरशीवर पाऊल ठेवून भोवती खडू फिरवला. टाचेशी पट्टीवरचा एक लावून "लाभ" असं पुटपुटली आणि अंगठ्यापाशी वाचलं, "वीस!"

एक सेंटिमीटर जास्त! सैल बुटांत पाय अडकून पोरगी भर शर्यतीत तोंडघशी पडलेली मला दिसली. "अगं, शून्य काय शोभेला ठेवलंय?" मी खेकसले.

"शून्य म्हंजे कायबी न्हाई ना, बाई? मंग तिथून काहून मोजायचं?" तिचे डोळे भरले. "आमचा आजा खळ्यावर लाभापासूनच मोजतो."

खरंच की! धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. माझा राग तिथंच विरला. खिचडी करणाऱ्या सुमनबाईंकडून तांदूळ मोजायचं मापटं आणून मी तिच्यापुढं ठेवलं. "म्हण लाभ."

"रितं हाय की, बाई! भरल्यावर म्हंतेत."

"मग पट्टीवर रितं मापटं कुठंय?"

तिनं पट्टी जवळ ओढली. मग तिचं बोट एकवरून मागं सरकलं. "हितं रितं. आन् हितं आलं की भरलं. लाभ!" तिनं पट्टी नीट लावली. एकोणीस भरले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्पीकर लावून मी तो तिच्याच हातात दिला.

"बाबा, एकोनीस."

"बाईनं मोजलं का?"

"न्हाई, म्या."

"बराबर हाय का? बाईला दे बरं."

फोन घ्यायला माझे हात शिवशिवत होते. मी ते पाठीमागं धरून ठेवले.

"बराबर हाय, बाबा. आना तुमी."

सकाळी तालुक्याला जाणाऱ्या जीपपाशी ती नवे बूट घालून उभी होती. मी वाकून अंगठा दाबून पाहिला. नीट बसले होते. शिवकन्येनं पाय उचलून पुढं टाकला, तो जमिनीवर पुरता टेकू दिला, आणि मगच म्हणाली, "लाभ."