मिस्त्रीची बहीण

पाचव्या नटावर पाना चढवून मिस्त्रीने तळव्याने एकदा दाबला, थांबला आणि बोटभर आणखी दिला. बस्स. पाना काढून त्याने हात फडक्याला पुसले.

“झाली तुझ्या व्हॅनची चारही चाकं. काय तपासायचंय ते तपास.”

धाकट्या बहिणीने, बारकीने, आपल्या व्हॅनमधून लांबट पेटी आणली आणि उघडली. आत कोरा करकरीत टॉर्क रेंच होता. हवा तो आकडा लावायचा आणि आवळत जायचं. तेवढा जोर पुरा झाला की पाना टक् करतो, आणि माणसाने थांबायचं. असले पाने विकायला आलेल्यांना मिस्त्रीने तीस वर्षं चहा पाजून वाटेला लावलं होतं. आज तोच पाना सख्ख्या बहिणीने त्याच्या दारात आणला होता, आणि तोही बाकड्यावर टॅक्सीवाला बसलेला असताना. टॅक्सीवाल्याला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला कळायची.

एकाने आवळलेल्या नटाला दुसऱ्याने पाना लावायचा नाही, हा या गॅरेजचा कायदा होता, आणि तो मिस्त्रीनेच केला होता.

“एका चाकाचे पाचही नट तुझ्या पान्याशी जुळले, तर हे खेळणं परत इथे आणायचं नाही,” तो म्हणाला. “आहे कबूल?”

“आधी जुळू दे तर.”

भांडण महिनाभर शिजत होतं. बारकी शाळेत मुलं पोचवते. महिन्यापूर्वी नऊ मुलं गाडीत असताना पुढचं चाक डुगडुगायला लागलं. तिने वेळीच गाडी बाजूला घेतली म्हणून निभावलं. दोन नट कुठेतरी पडले होते आणि तिसरा पडायच्या बेतात होता. आदल्या आठवड्यात ब्रेकचं काम मिस्त्रीकडेच झालेलं, चारही चाकं त्यानेच आवळलेली. मग काय, लोकांना विषय मिळाला. मिस्त्री म्हातारा झाला, मिस्त्रीचा हात गेला. तीन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. “आधी रस्ते बघा, मग माझ्या हाताला नावं ठेवा,” असं तो येईल त्याला ठणकावून सांगायचा. पण दुपारी दुकानात कोणी नसलं की एका भंगारातल्या चाकाचे नट आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा आणि आपल्या तळव्याकडे बघत बसायचा. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बारकीने खडू घेतला. तेच पुढचं चाक निवडून तिने प्रत्येक नटावरून चाकापर्यंत एकेक सरळ रेघ ओढली. नट सोडायचा, तिच्या पान्याने टक् होईपर्यंत आवळायचा आणि रेघेचे दोन तुकडे समोरासमोर येतात का ते बघायचं. तपासायची रीत तर बिनतोड होती. हिला हे कोणी शिकवलं, असं त्याच्या मनात आलं.

टक्. पहिली रेघ जुळली. दुसरी जुळली. टॅक्सीवाला बाकड्यावरून उठून जवळ आला. तिसरी. चौथी. पाचवीला रेघ जरा हुकली.

“हा बघा फरक,” टॅक्सीवाला म्हणाला.

मिस्त्रीने वाकून बघितलं. “फरक कसला? रेघच जाड ओढलीये तिने.”

बारकीने डोकं जवळ नेलं आणि मान डोलावली. “जुळली. पाचही जुळले. काका, तुम्ही बघितलंत ना? सांगा सगळ्यांना.”

मिस्त्रीची छाती भरून आली. त्याने पेटीकडे बोट केलं. “उचल आता ते.”

ती उचलायला वाकली नाही.

“दादा, ते चाक तू आवळलेलं नव्हतंच.”

“म्हणजे?”

“तुझ्याकडून गाडी नेली आणि दुसऱ्याच दिवशी ते पंक्चर झालं. पंक्चरवाला चाक बसवत होता, मी त्याला हात लावू दिला नाही. म्हटलं, मी मिस्त्रीची बहीण आहे, मला शिकवू नकोस. तू दाबतोस तसं दाबलं, थांबले, बोटभर आणखी दिलं. मला वाटलं, आलं.”

मिस्त्री ओरडलाच.

“आणि महिनाभर तू गप्प? महिनाभर मी या हाताला शिव्या घालतोय! मला वाटलं, हात गेला माझा!”

टॅक्सीवाला दुसरीकडे बघायला लागला.

“घाबरले,” बारकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मान वरच होती. “गाडीचं काम गेलं तर घर कशावर चालवू? पण आज सकाळी सगळ्या पालकांना सांगून आले. दोघांनी मुलं काढून घेतली. सात जण थांबलेत. तुझा हात कुठे गेला नव्हता, दादा. तो माझ्याकडे कधी आलाच नव्हता. म्हणून हा पाना घेतला, आणि तुला आवडो न आवडो, तो माझ्या गाडीत राहणार.”

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. ती लहानपणी मार खाताना अशीच उभी राहायची. त्याला तिला चांगली फैलावर घ्यायची होती. त्याऐवजी त्याने आपला पाना उचलला, मागच्या चाकापाशी गेला आणि मगाशी आवळलेले पाचही नट करकर करत सैल केले.

“अहो मिस्त्री, चांगले आवळलेले होते की!” टॅक्सीवाला म्हणाला.

“ती चालवते, ती आवळेल.”

“मग माझ्या गाडीची चाकंही तिच्याच पान्याने?”

“तुझी मी आवळणार. हातानेच. नसेल पटत तर गाडी काढ.”

टॅक्सीवाला मुकाट्याने बाकड्यावर जाऊन बसला. बारकीने पान्यावरचा आकडा पुन्हा एकदा बघितला आणि गुडघ्यावर बसली. मिस्त्रीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. टक् झालं. तिने पाना शेजारच्या नटाकडे नेला.

“शेजारचा नको,” तो म्हणाला. “समोरचा घे.”